पेटीमास्तरचं कार्ड

मंगळवारी सकाळी छावणीच्या गोदामापुढे तीन ट्रक येऊन थांबले, आणि त्यांतून काय उतरतंय ते बघून पेटीमास्तर गोदामाच्या दारातच थांबला.

त्याला पलटणीत खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. बावीस वर्षं तो पेटीमास्तरच होता. काम साधं होतं. जवान आघाडीवर निघाला की त्याची लोखंडी ट्रंक गोदामात राहायची आणि किल्ली मास्तरकडच्या खिळ्यावर. जवान परत आला की ट्रंक त्याची त्याला. नाही आला, तर मास्तर ती उघडायचा, आतलं सामान एका लहान लाकडी पेटीत भरायचा आणि ती पेटी त्या जवानाच्या घरी जायची. अशा लहान पेट्या वर्षाला वीस लागत. एका वाईट वर्षी चाळीस लागल्या होत्या. मंगळवारी आल्या त्या सहाशे.

"चुकून आल्यात का हो?" मास्तरनं ट्रकवाल्याला विचारलं.

"कागदावर सहाशे, ट्रकात सहाशे. चूक कुठाय? सही करा."

दुपारपर्यंत गोदाम छतापर्यंत भरलं. उरलेल्या पेट्या बाहेर भिंतीला लावून रचल्या. कच्च्या लाकडाचा वास जेवणाच्या खोलीपर्यंत जायला लागला. एरवी जवान गोदामावरून जाताना हटकून थट्टा करायचे, "मास्तर, माझी पेटी नीट भरा हं, सासू बघणार आहे." त्या दिवशी सगळे मान खाली घालून गेले. साडेसहाशे माणसांची पलटण, आणि पेट्या सहाशे. हा हिशोब कुणी बोलून दाखवला नाही, पण न करता कुणी राहिलाही नसेल. संध्याकाळी छावणीतून बाहेर जाणारे टेलिफोन बंद झाले. दुरुस्ती चालू आहे, असं सांगण्यात आलं. यावर विश्वास ठेवणारा एकही शहाणा पलटणीत नव्हता.

बुधवारी फलकावर दोन कागद लागले. पहिल्यात लिहिलं होतं की शनिवारी सकाळी पलटण पुढे जाईल, आणि या वेळी स्वयंपाकी, ड्रायव्हर, गोदामवाले यांतूनही माणसं घेतली जातील. गोदामातून एक. तो एक म्हणजे पेटीमास्तर. दुसऱ्या कागदात होतं की ज्याचं कार्ड शुक्रवारच्या संध्याकाळच्या हजेरीपर्यंत पुरं नसेल त्याला पुढे नेणार नाहीत, त्याच्या जागी त्याच खात्यातला दुसरा माणूस जाईल.

कार्ड म्हणजे पुठ्ठ्याचा एक तुकडा. त्यावर माणसाचं नाव, आणि तो मेला तर बातमी आणि पेटी कुणाकडे पाठवायची त्याचं नाव, पत्ता, नातं. शिवाय ज्याच्याकडे पाठवायचं त्यानं सही करून कबूल करायचं की होय, माझ्याकडे पाठवा. मास्तरच्या कार्डावर आईचं नाव होतं. आई गेल्या हिवाळ्यात गेली. तो जाऊन आला, पुरून आला, आणि कार्ड तसंच राहिलं. हजार माणसांची कार्डं तपासणारा माणूस स्वतःचं विसरला. विसरला म्हणायचं आपण, पण खरं कारण वेगळं होतं. आईचं नाव खोडल्यावर तिथं दुसरं काय लिहायचं हे त्याला माहीत नव्हतं.

गोदामात त्याच्या हाताखाली एक जोडीदार होता, जाडसर, हसरा, नुकताच बाप झालेला. मेलेल्याची ट्रंक उघडायची ती दोघांनी मिळून, असा नियम. एकानं वस्तू उचलून मोठ्यानं सांगायची, दुसऱ्यानं लिहायची. यालाच ते 'निवडणं' म्हणत. कारण त्यात आणखी एक नियम होता, तो कुठल्याही पुस्तकात नव्हता. ज्यानं घरच्यांना दुखेल ते लिहायचं नाही, शेगडीत टाकायचं. लपवलेली बाटली. बायकोची नसलेली पत्रं. बापाला रागानं लिहून न टाकलेलं पत्र. मास्तरचे डोळे त्यात तयार झाले होते. एखादा फोटो हातात घेतला की ही बहीण की दुसरी कुणी, हे तो बघताक्षणी ओळखायचा. शेकडो घरांत मेलेला मुलगा सद्गुणांचा पुतळा म्हणून आजही भिंतीवर आहे, त्याला हे दोघं जबाबदार.

बुधवारी दुपारी मास्तरनं स्वतःची ट्रंक मधोमध ओढली.

"घे कागद," तो म्हणाला. "हीपण निवडून टाकू."

"काय मास्तर, अभद्र बोलता!" जोडीदाराचा चेहरा पडला.

"लिही. दाढीचं सामान. बनियन दोन. लोकरी मोजे, एक जोड. विजेरी, बिघडलेली. नोकरीची वीस वर्षं झाल्याचं पदक. पत्त्यांचा जोड." ट्रंक संपली. त्यानं तळाचा कागदसुद्धा उचलून पाहिला.

"जाळायचं काही?" जोडीदारानं सवयीनं विचारलं.

"नाही."

"मग पाठवायचं कुणाला?"

मास्तरनं ट्रंकेचं झाकण लावलं. आजवर कितीतरी ट्रंका त्यानं उघडल्या, पण इतकी स्वच्छ एकही निघाली नव्हती. बाटलीवाल्यांच्या, लफडेवाल्यांच्या, घरी खोटं बोलणाऱ्यांच्या ट्रंकांत कुणाला तरी दुखेल असं काहीतरी असायचंच, कारण ज्याला दुखेल असं माणूस घरी होतं. त्याच्या ट्रंकेत कुणाला दुखेल असं काहीच नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं जगून एवढंच. त्याला आतून गार वाटलं, आणि ते मरणाच्या भीतीनं नव्हतं.

तो उठला, सरळ कार्यालयात गेला आणि कारकुनाला म्हणाला, "माझ्या कार्डावरचं नाव बदलायचंय."

"बदलाच. मेलेल्या बाईला काय पेटी पाठवू मी?" कारकून कामाला वाघ होता, जिभेलाही. "बोला. नाव?"

मास्तरनं एक नाव सांगितलं. बावीस वर्षांत ते त्यानं मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. पत्ता सांगितला तो एका चष्म्याच्या दुकानाचा.

"नातं?"

"ओळखीची."

"ओळखीची असा रकाना नाही." कारकुनानं 'इतर' असं लिहून टाकलं.

गुरुवारी सकाळी मास्तर फॉर्म मागायला गेला. सहीचा फॉर्म घेऊन आपण स्वतः जावं, आधी तिला विचारावं, असं त्याच्या मनात होतं. कारकून अभिमानानं म्हणाला, "तुम्ही कशाला तसदी घेता? कालच्या टपालानं रवाना केला. उद्या सकाळी मिळेल."

"कुठल्या लिफाफ्यात?"

"लिफाफा तो लिफाफा. आपल्याकडे एकच आहे."

पलटणीचा तो करडा लिफाफा, कोपऱ्यावर तिरपी काळी पट्टी असलेला. पूर्वी मेल्याची बातमी टपालानं जायची तेव्हा छापून घेतलेला. पुढे पद्धत बदलली, बातमी माणसांहाती जायला लागली आणि हजारोंनी लिफाफे पडून राहिले. कारकुनाला वाया घालवणं ठाऊक नाही. तो रजेचे अर्ज, कपड्यांची मापं, सगळं त्यात घालून पाठवी. छावणीत त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण बाहेर पद्धत बदलल्याचं कुणी कळवलं नव्हतं. बाहेर अजून पोस्टमनच्या हातात काळी पट्टी दिसली की गल्ली गप्प होते.

आणि तिला सैन्यातला माहीत असलेला माणूस एकच होता.

फोन बंद. तार करावी तर तीही बंद. मास्तर मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. बावीस वर्षांत त्यानं कधी जास्तीची रजा मागितली नव्हती, म्हणून असेल, साहेबांनी मान वर करून बघितलं तरी.

"उद्या पहाटेची बस पकड," साहेब म्हणाले. "संध्याकाळच्या हजेरीला नसलास तर पळाला असं लिहीन. आणि शनिवारनंतर पळालेल्यांना काय करणार आहेत ते ऐकलंयस ना?"

"ऐकलंय साहेब."

शुक्रवारी पहाटे तो बसमध्ये बसला. पाच तासांचा रस्ता. समोरून येणाऱ्या लष्करी गाड्यांना वाट देण्यासाठी बस दर थोड्या वेळानं कडेला थांबे. गाड्यांवर ताडपत्र्या घट्ट बांधलेल्या होत्या. बसमधली माणसं आधी मोजत होती, मग मोजायची थांबली. एका बाईनं मास्तरचा गणवेश बघून आपली पिशवी उचलली आणि त्याच्या शेजारची जागा सोडून मागे जाऊन बसली. त्याला राग नाही आला. आजकाल स्वतःच्या शेजारी बसायला त्यालाही आवडलं नसतं.

आता त्या चष्मेवालीबद्दल सांगायला हवं, आणि मास्तरच्या तारुण्याबद्दलही. दुसरी गोष्ट सांगण्यासारखी नाही.

तो एकोणीस वर्षांचा होता तेव्हा अंगात आळस आणि तोंडात गोडवा, एवढंच त्याचं भांडवल होतं. बाप छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्यानं मुलाला तिथं चिकटवलं, तीन आठवड्यांत मुलगा सुटला. मग गिरणीत दोन महिने. मग बर्फाच्या कारखान्यात नऊ दिवस. उरलेला सगळा वेळ टायरच्या दुकानावरच्या माडीत, कॅरम आणि पत्ते. तिथं त्याला भलताच मान होता. बाहेर काडीचा नव्हता. वेळ मारून नेण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि चेहरा असा की शिव्या द्यायला आलेला माणूस चहा पाजून जायचा. असा चेहरा असणं हे मोठं दुर्दैव, पण ते त्या वयात कळत नाही.

ती चष्मेवाल्याची मुलगी. बापाच्या दुकानात पुढच्या टेबलाशी बसून काड्यांचे स्क्रू घट्ट करायची, नाकावरच्या पट्ट्या बदलायची. तो एकदा वाकडा झालेला चष्मा घेऊन गेला, मित्राचा. नंतर त्याच मित्राचा चष्मा आठ वेळा वाकडा झाला. नवव्या वेळी ती म्हणाली, "त्यापेक्षा नुसतं येत जा. बिचाऱ्याला आंधळा करशील."

तीन वर्षं चाललं. तिनं त्याला तीन वेळा नोकरी शोधून दिली. शेवटी तीच म्हणाली की आपण लग्नाची नोंदणी करून टाकू, एकदा झालं की तू सुधारशील. हा तिचा तेवढाच एक मूर्खपणा. तारीख ठरली, सकाळी दहाची वेळ ठरली. आदल्या संध्याकाळी मित्र म्हणाले, उद्यापासून तू काय आमचा राहणार, एक शेवटचा डाव. डाव उजाडेपर्यंत चालला. तो माडीतल्या चटईवर आडवा झाला आणि दुपारी तीनला जागा झाला.

इथपर्यंतची गोष्ट त्यानं पलटणीत एक-दोघांना सांगितली होती. झोप लागली, चुकामूक झाली, नशीब. ऐकणारे हळहळायचे. पुढची गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती.

नोंदणीचं कार्यालय पाचला बंद व्हायचं. तो साडेतीनला तिथं पोचला होता. समोरच्या फुटपाथवर, वर्तमानपत्राच्या टपरीआड. ती कार्यालयाच्या पायरीशी बाकावर बसली होती, शेजारी तिच्या दुकानातला म्हातारा कारागीर साक्षीदार म्हणून आणलेला. मधे फक्त रस्ता होता. त्याची दाढी वाढलेली, तोंडाला दारूचा वास, शर्टाला पत्त्यांच्या माडीचा धूर. घरी जाऊन तोंड धुऊन यावं, असं त्याला वाटलं. मग वाटलं, आता काय सांगायचं ते आधी जुळवावं. मग वाटलं, उद्या भेटू. असं वाटण्यात दीड तास गेला. पाचला शिपायानं दार ओढलं आणि ती उठून गेली. पाचव्या दिवशी तो भरती झाला. शिस्त लागेल म्हणून नव्हे. तिच्या दुकानावरून जायचा रस्ता टळावा म्हणून.

बस अकराला शहरात शिरली.

बाजार उघडा होता पण आवाज नव्हता. किराणा दुकानापुढे रांग होती आणि रांगेत कुणी भांडत नव्हतं, हे काही चांगलं लक्षण नाही. मास्तर जवळजवळ पळतच चष्म्याच्या दुकानाशी आला. शटर अर्धं खाली ओढलेलं होतं.

शेजारच्या घड्याळजीनं डोळ्याची भिंगाची नळी काढून त्याच्याकडे पाहिलं, आधी गणवेशाकडे, मग हातांकडे. "पेटी न घेता रिकाम्या हातानं आलात? कागद तर मघाशीच येऊन गेला. अर्धा तास झाला. तिनं शटर ओढून घेतलंय. मी हाक मारली, ओ देत नाही."

अर्धा तास! आयुष्यात एक काम तो वेळेवर करायला निघाला होता आणि अर्धा तास उशीर झाला होता. तो वाकून शटरखालून आत गेला.

आत दिवा नव्हता. भिंतीवर ओळीनं रिकाम्या फ्रेमा लावलेल्या. समोर नजर तपासायच्या अक्षरांचा तक्ता. टेबलापाशी ती बसली होती. केस कानापाशी पांढरे, स्वतःला जाड चष्मा, हातात बारीक पेचकस. समोर करडा लिफाफा, न उघडलेला. ती एक काडी घट्ट करत होती. करत होती म्हणजे, स्क्रू कधीच घट्ट झाला होता आणि ती फिरवतच होती.

पाऊल वाजलं तसं तिनं मान वर केली. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"मग मेलं कोण?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. चूक झाली. त्या लिफाफ्यात... कारकुनाला दुसरे लिफाफे नाहीत."

"कारकुनाला लिफाफे नाहीत," ती म्हणाली. तिनं पेचकस खाली ठेवलं आणि दोन्ही तळवे टेबलावर दाबून धरले. "अर्धा तास मी बसून आहे इथं. उघडत नव्हते. म्हटलं, उघडला नाही तोवर हा जिवंत आहे. मूर्खासारखं. बावीस वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याच्यासाठी. लाज वाटायला पाहिजे तुला."

"वाटते."

"बैस."

तो गिऱ्हाइकाच्या उंच स्टुलावर बसला. तिनं लिफाफा फोडला, कागद उजेडाकडे धरून वाचला. दोनदा वाचला. "म्हणजे तू मेलास की मला कळवायचं. तुझी पेटी माझ्याकडे यायची. मी कबूल आहे म्हणून सही करायची."

"हो."

"नातं, इतर." ती जरा हसली, पण ते हसू नव्हतं. "तुला ठाऊक आहे का, माझं लग्न झालं होतं ते? तुझ्या नावानं बसून राहिले नव्हते मी. चांगला माणूस होता. मुलगी आहे, शिकायला बाहेर आहे. तो जाऊन सहा वर्षं झाली. मला असले कागद माहीत आहेत. दवाखान्यातून माणसाचं सामान कसं हातात देतात ते माहीत आहे. एकदा झालंय माझं हे सगळं. आणि तू मला दुसऱ्यांदा विधवा करायला आलायस, तेसुद्धा लग्न न करता!"

त्याला वाटलं होतं की आपण पश्चात्ताप घेऊन जातोय. आपण ओझं घेऊन जातोय हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"त्या दिवशी..." तो म्हणाला. "त्या दिवशी मला झोप लागली होती हे खरं. पण मी आलो होतो. साडेतीनला. समोरच्या टपरीआड उभा होतो. तुला दिसलो नाही."

"दिसलास की."

मास्तरनं तिच्याकडे पाहिलं.

"कार्यालयाच्या दाराला काच होती. मी तिच्याकडे तोंड करून बसले होते. टपरीच्या खालून तुझे बूट दिसत होते, वरून डोकं." ती शांतपणे सांगत होती. "पाचपर्यंत मी तू येतोस का हे बघत नव्हते. तू आलाच होतास. तू रस्ता ओलांडतोस का, ते बघत होते. कारागीरकाका म्हणाले, मी धरून आणतो. मी म्हटलं, नको. धरून आणलेला काय करायचाय?"

दुकानात घड्याळजीच्या बाजूनं टिकटिक ऐकू येत होती. मास्तरला तोंडात मारल्यासारखं झालं. चोरी सापडली नाही या समजुतीवर तो इतकी वर्षं काढत आला होता, आणि ती समजूतसुद्धा खोटी निघाली. त्याला रडू आलं. त्यानं ते लपवायचा प्रयत्न केला नाही, तेवढं वय आता झालं होतं.

ती त्याला रडू देत बसली. मग तिनं कागद पुन्हा जवळ ओढला. "मी सही नाही केली तर?"

"तर कार्ड अपुरं."

"आणि अपुरं असलं तर?"

बसमध्ये पाच तास त्याच्या मनात तीच गोष्ट घोळत होती. स्वतःशीसुद्धा त्यानं ती धड बोलून घेतली नव्हती. सही नाही तर कार्ड नाही. कार्ड नाही तर शनिवार नाही. कुणी त्याला भित्रा म्हणणार नव्हतं. बाई नाही म्हणाली, मी काय करू? असं म्हणून खांदे उडवले की झालं. माडीवरच्या दिवसांतली त्याची जुनीच युक्ती, आपण काहीच न करता दुसऱ्यानं करू द्यायचं. ती सगळ्यात छान जमायची त्याला.

"बोल ना."

"अपुरं असलं तर मला पुढे नेणार नाहीत."

तिचे डोळे मोठे झाले. तिनं कागद झटकन टेबलाच्या खणात टाकला आणि खण ढकलला. "मग झालं तर. नाही करत मी सही. जा, सांग त्यांना. बाई तोंडाळ आहे, ऐकत नाही म्हणावं." तिच्या आवाजात इतक्या वेळात पहिल्यांदा काहीतरी मोकळं झालं. "पुढे काय चाललंय ते इथं सगळ्यांना माहीत आहे. पलीकडच्या गल्लीत या आठवड्यात तीन घरं... तू जाऊ नकोस. परत जा, गोदामात बैस, म्हातारा हो. माझ्याकडे येऊ नकोस हवं तर. पण जाऊ नकोस."

चव्वेचाळीस वर्षांत कुणी त्याला असं म्हटलं नव्हतं. मास्तरला वाटलं, हेच तर न्यायला आलो होतो आपण. हे घ्यावं आणि उठावं. तो उठलाही. शटरपर्यंत गेला. बाहेरच्या उजेडात घड्याळजीचे पाय दिसत होते, तो ऐकत उभा असणार.

मास्तर परत फिरला.

"माझ्या जागी माझा जोडीदार जाईल," तो म्हणाला. "असा हुकूम आहे. त्याला दोन महिन्यांची मुलगी आहे. त्याचं कार्ड मीच भरून दिलंय, बायकोच्या नावानं. वळणदार सही आहे तिची."

तिनं खणाची मूठ धरली.

"हे तुला सांगायलाच पाहिजे होतं का?" तिनं विचारलं.

"हो."

"न सांगता गेला असतास तर मला कळलंही नसतं."

"मला कळलं असतं."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, चष्म्याच्या वरून, जशी ती गिऱ्हाइकाच्या नाकाचं माप घेताना बघे. "तुला काय हवंय? माझ्यावर ढकलू नकोस. तू सांग."

त्याला सहाशे पेट्या दिसत होत्या, भिंतीला लावून रचलेल्या. "सही," तो म्हणाला.

तिनं खण उघडला. कागद काढला, सरळ केला. पेन झटकलं, शाई येते का ते वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर बघितलं. नात्याच्या रकान्यातलं 'इतर' तिनं एका रेघेनं खोडलं आणि वर काहीतरी लिहिलं, पण कागद उलटा असल्यानं मास्तरला ते वाचता आलं नाही. खाली सही केली. घडी घालून त्याच्या हातात दिला.

"बस कितीची?"

"दोनची."

"आणि ती खरी बातमी? तीही असल्याच लिफाफ्यातून येते?"

आता खोटं बोलून चालण्यासारखं होतं. पण त्या दुकानात खोटं बोलायचं त्याचं सगळं संपलं होतं. "नाही. दोन माणसं येतात. इस्त्रीच्या कपड्यांत. एकाच्या हातात पेटी असते. दार वाजवतात, नाव विचारतात, मग सांगतात."

"तू गेलायस कधी?"

"बऱ्याचदा."

"लोक दार उघडतात?"

"काही उघडत नाहीत. खिडकीतून गणवेश बघतात आणि आत बसून राहतात. उघडलं नाही तोवर आपला माणूस जिवंत आहे, असं वाटतं त्यांना."

"मग?"

"मग आम्ही थांबतो. एकदा सकाळपासून दिवस मावळेपर्यंत उभे होतो."

तिनं मान हलवली. ती उठली, शटरच्या कडीला हात घातला, पण लगेच ओढलं नाही.

"माझ्याकडे त्यांना थांबावं लागणार नाही," ती म्हणाली. "मी लगेच उघडीन. दारात कुणाला ताटकळत ठेवणं मला नाही जमत."

मग तिनं शटर वर ढकललं. बाहेर घड्याळजी उभा होता, तो चटकन बाजूला झाला.